न पुसता येणारी नोंद

फेरफाराची नोंद म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मंजूर झालेली नोंद रबराने पुसता येत नाही. बदल करायचा तर पुढे नवी नोंद घ्यावी लागते. ब्लॉकचेन ही त्याच जातीची वही आहे. फरक एवढाच, की तिची प्रत एका तलाठ्याच्या दप्तरात नसून जगभरच्या हजारो संगणकांवर असते. गुन्हेगारांनी नेमकं हेच हेरलं. डिसेंबर २०२१ मध्ये गूगलने 'ग्लुप्टेबा' या बॉटनेटवर, म्हणजे दुरून चालवल्या जाणाऱ्या बाधित संगणकांच्या फौजेवर, कारवाई जाहीर केली. जगभरचे सुमारे १० लाख विंडोज संगणक मालकाच्या नकळत तिच्या ताब्यात होते, आणि त्यांत भारतातलेही होते. अशा टोळीचा सर्व्हर बंद पाडला की एरवी तिची फौज निर्नायक होते. ग्लुप्टेबाची होत नव्हती. आदेश येईनासे झाले की बाधित संगणक बिटकॉइनच्या अशाच वहीत ठरावीक खात्यांचे व्यवहार पाहत. त्या व्यवहारांसोबतच्या छोट्याशा टिपणात नव्या सर्व्हरचा पत्ता सांकेतिक रूपात लिहिलेला असे. हे टिपण कोणतंही न्यायालय खोडू शकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नोझोमी नेटवर्क्स या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टोळी पुन्हा कामाला लागली आहे.

मग बिटकॉइनवरच बंदी घाला, असं कोणी म्हणेल. पण रोग त्या वहीतून येत नाही, तिथून फक्त निरोप येतो. शिवाय न पुसली जाणारी नोंद चोराचा मागही जपून ठेवते. संशोधकांनी टोळीचा माग काढला तो याच नोंदी वाचून. हीच गत नेहमीच्या सॉफ्टवेअरची. ग्लुप्टेबाच्या प्रसारात वापरलेली सुमारे ६.३ कोटी गूगल डॉक्स काढून टाकावी लागली, म्हणून कोणी गूगल डॉक्स बंद करा म्हणत नाही. अनेक टोळ्या विंडोजमधलंच पॉवरशेल हे आदेश चालवणारं साधन हाताशी धरतात. घरातलंच माणूस दार उघडत असेल, तर पहारेकऱ्याला संशय कसा यावा?

म्हणून माझं म्हणणं असं, की लढाईची जागा उंबरठ्यावर आहे. ग्लुप्टेबा बव्हंशी फुकटच्या 'क्रॅक', म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून शिरत होतं. झिप फाइल उघडावी, तर सेटअपशेजारी एक रीडमी असते आणि तिच्यात सूचना असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. आपल्याकडे छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवणाऱ्या संगणकावर ही सूचना पाळली जाते, आणि त्याच संगणकावर शेजारच्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज भरला जातो, त्याचं बँक खातं उघडलं जातं. ग्लुप्टेबा ब्राउझरमधले पासवर्ड चोरतं. वर दुकानाचं इंटरनेट परक्या गुन्हेगारांना भाड्याने देतं. गुन्हा त्यांचा, पत्ता मात्र अकोल्याचा.

अस्सल सॉफ्टवेअर छोट्या दुकानदाराला परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. लिबरऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस मोफत आहेत आणि युनिकोड मराठी त्यांत चालते. जुन्या फॉन्टमधल्या फाइली त्यांत नीट उघडत नाहीत, हेही मान्य. त्यांच्यासाठी एक संगणक इंटरनेटविना वेगळा ठेवावा. बॉट शोधून काढणारी साधनं केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत देत आहे. दुकानदार बंधूंनो, उद्या शटर उघडल्यावर पहिलं काम त्या साधनांनी संगणक तपासण्याचं करा, आणि तोवर त्या संगणकावर कोणाचंही बँक खातं उघडू नका.