वाक्प्रचारांतील रंग : इंग्रजी आणि व्हिएतनामी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेतील, बी. ए. पर्यंत शिकलेला एक अधिकारी. कामानिमित्त काही काळ हनोई येथे राहण्याचा योग आला आणि व्हिएतनामी भाषा थोडीफार कानांवर पडली. इंग्रजी तर आपणां सर्वांच्या पोटापाण्याचीच भाषा. या दोन भाषांच्या वाक्प्रचारांत रंग कोणकोणत्या अर्थाने येतात, एवढाच आजचा विषय आहे.

इंग्रजीत 'ग्रीन' आणि 'ब्ल्यू' हे दोन स्वतंत्र रंग आहेत. व्हिएतनामीत त्या दोहोंना मिळून 'सान्ह' हा एकच शब्द. पान आणि आकाश यांतील भेद व्हिएतनामी माणसाला दिसत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. गरज पडली म्हणजे तो 'झाडाच्या पानाचा सान्ह', 'आकाशाचा सान्ह' असे स्पष्ट सांगतो. बर्लिन आणि के या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली असे प्रतिपादन केले, की भाषांमध्ये रंगांची मूळ नावे साधारणतः ठरावीक क्रमाने येतात : आधी काळा व पांढरा, मग तांबडा, त्यानंतर हिरवा व पिवळा, आणि निळा त्याच्याही मागून. परंतु नावांचा क्रम सांगता आला, तरी त्या नावांना चिकटणारे अर्थ कोणत्याही क्रमात बसत नाहीत. ते ज्याच्या त्याच्या इतिहासातून येतात.

डोळ्यांचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत हिरवे डोळे मत्सराचे. शेक्सपिअरने 'ऑथेल्लो' नाटकात मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस केले, तेव्हापासून ही प्रतिमा त्या भाषेत रुजली. व्हिएतनामीत मात्र एखाद्याच्या 'सान्ह डोळ्यांत' शिरणे म्हणजे त्याच्या पसंतीस उतरणे! याचे मूळ चीनमध्ये सापडते. तिसऱ्या शतकात तेथे रुआन जी नावाचा कवी होऊन गेला. नावडता माणूस समोर आला की तो डोळ्यांचे पांढरे दाखवी, आणि आवडत्या माणसाकडे काळ्याभोर बुबुळांनी सरळ पाही, अशी आख्यायिका आहे. त्या बुबुळांसाठी चिनी भाषेत जो रंगशब्द आहे, त्याच्याही पोटात हिरवा-निळा सामावतो. व्हिएतनामीने त्याचा 'सान्ह' केला. आपल्याकडे 'डोळ्यांत भरणे' म्हणतात, त्याच्याच जवळपासचा हा अर्थ.

पिवळ्याची तीच गत. इंग्रजीत 'यलो' म्हणजे भित्रा. व्हिएतनामीत पिवळा आणि सोने या दोहोंसाठी 'वांग' हा एकच शब्द असल्याने 'वांग हृदयाचा' माणूस म्हणजे उदार, परोपकारी. शब्दकोशात पाहून कोणी त्याला 'यलो हार्ट' म्हणेल, तर दात्याचा भेकड होईल.

लाल रंगाविषयी माझ्यासारख्या सरकारी नोकराने बोलणे क्रमप्राप्तच आहे. इंग्रजीतील 'रेड टेप' ही कागदपत्रे बांधण्याची तांबडी फीत. ती आपल्याकडे 'लालफीत' होऊन आली. व्हिएतनाममध्ये 'डॉ' म्हणजे लाल हा भाग्याचा रंग आणि 'डेन' म्हणजे काळा हा दुर्भाग्याचा. 'सो डॉ', अर्थात लाल दैव, म्हणजे नशीब फळफळणे. हाच 'सो' शब्द वेगळ्या सुरात उच्चारला तर 'वही' होतो, आणि 'लाल वही' म्हणजे जमिनीच्या हक्काचा दाखला. पूर्वीच्या लाल आवरणावरून पडलेले ते नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. वू ट्रॉंग फुंग यांची 'सो डॉ' ही विनोदी कादंबरी १९३६ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. टेनिसच्या मैदानावर चेंडू उचलणारा एक पोरगा निव्वळ नशिबाच्या जोरावर हनोईच्या उच्चभ्रू समाजात मिरवू लागतो, अशी तिची कथा. तिच्या इंग्रजी अनुवादाचे नाव आहे 'डम लक'. अर्थ पोहोचला, पण लाल रंग वाटेतच गळाला. कारण इंग्रजीत 'रेड' शब्दाने नशीब सूचित होत नाही, उलट 'इन द रेड' म्हणजे तोट्यात असणे!

हातांचे रंगही पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीत गुन्हेगार 'रेड-हँडेड' पकडला जातो. हे हात रक्ताने माखलेले असून ही कल्पना स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातील आहे. आपणही 'रंगेहाथ' म्हणतोच. व्हिएतनामीत 'पांढरे हात' म्हणजे रिकामे हात, सर्वस्व गमावलेला माणूस. त्या देशात पांढरा हा शोकाचा रंग आहे. अंत्यविधीत घरची माणसे डोक्याला पांढरी पट्टी बांधतात.

आता एक म्हण. 'शाईजवळ गेलास तर काळा होशील, दिव्याजवळ गेलास तर उजळशील.' व्हिएतनामीत काळा आणि दिवा हे दोन्ही शब्द 'डेन'च. फरक केवळ सुराचा. एका सुराच्या अंतरावर अंधार आणि उजेड! अनुवादात ही गंमत राहत नाही. आपली म्हण याच अर्थाच्या शेजारची : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे वर्ण, रंग. तिकडे संगतीचा धडा शाईने आणि दिव्याने दिला, आपल्याकडे गोठ्यातील बैलांनी.

१९७५ नंतर लाखो व्हिएतनामी कुटुंबे देश सोडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत स्थायिक झाली. त्यांची मुले इंग्रजीत शिकली. अशा मुलाला 'वांग' म्हणजे पिवळा हे ठाऊक असू शकते. परंतु आजी शेजारणीला 'वांग हृदयाची' म्हणते, तेव्हा ती स्तुती आहे हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळायचे नाही.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्या घरांपासून दूर नाही. आपल्या मुलांना लाल, पिवळा, हिरवा हे शब्द येतात. ढवळ्या आणि पवळ्या कोण, हे किती जणांना सांगता येईल? शब्द शाळेत किंवा पुस्तकात मिळतील. वाक्प्रचार मात्र जेवताना, रागावताना, कौतुक करताना सहज कानांवर पडावा लागतो. तो घरात बोलला गेला नाही, तर परमुलखात दुसरीकडे कोठे मिळणार? म्हणून एवढीच विनंती, की तोंडाशी आलेली म्हण मुलांना समजणार नाही म्हणून गिळू नये. ती बोलावी, आणि त्यांनी अर्थ विचारला तर बैलांची गोष्ट सांगावी.

पन्नास वर्षांच्या सहजीवनाला व्हिएतनामीतही 'वांग' विवाह, म्हणजे सुवर्णविवाहच म्हणतात. आपल्या मंडळाने मराठीशी केलेल्या सहजीवनाला आज तोच रंग चढला आहे. तो पुढच्या पिढीच्याही बोलण्यात उतरो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.