ऑल इंग्लंडच्या यादीतल्या कोऱ्या जागा



थंडी पडली की आपल्याकडे सोसायटीच्या आवारात, गल्लीत, शाळेच्या पटांगणावर दोन खांबांना दोरी बांधली जाते आणि संध्याकाळभर फूल इकडून तिकडे उडत राहतं. शटल म्हणणारे शटल म्हणतात. पण मराठीत त्याला फूल म्हणतात तेच मला आवडतं. सोळा पिसं आणि पाच ग्रॅमच्या आसपास वजन. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी त्याची दिशा बदलते. या फुलाच्या खेळातली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ऑल इंग्लंड. आज मी तिच्याविषयी आणि तिच्या विजेत्यांविषयी बोलणार आहे. शिवाय ज्यांची नावं विजेत्यांच्या यादीत नाहीत, अशा काही जणांविषयीही.

या गोष्टीची सुरुवात आपल्या पुण्यात होते. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ इतक्या आवडीनं खेळत, की त्याचं नावच काही काळ ‘पूना’ पडलं होतं. खेळाचे सुरुवातीचे नियमही त्याच काळात पुण्यात तयार झाले. अधिकारी रजेवर मायदेशी गेले, तसा खेळही त्यांच्याबरोबर गेला. तिकडे ग्लॉस्टरशायर परगण्यात ड्यूक ऑफ ब्यूफर्टचा ‘बॅडमिंटन हाउस’ नावाचा वाडा होता. खेळाला त्या वाड्याचं नाव मिळालं आणि पुण्याचं नाव मागं पडलं. या इतिहासातली ही पहिली पुसलेली जागा म्हणा ना!

१८९३ मध्ये इंग्लंडमध्ये बॅडमिंटनची संघटना स्थापन झाली. ४ एप्रिल १८९९ रोजी लंडनमध्ये एका पलटणीच्या कवायतीच्या हॉलमध्ये पहिली स्पर्धा झाली. ती एका दिवसात उरकली आणि तिच्यात सामने होते फक्त दुहेरीचे. एकेरी सुरू झाली ती १९०० मध्ये. कोर्ट तेव्हा आजच्यासारखं चौकोनी नव्हतं. मध्ये जाळीपाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद, म्हणजे आपल्या डमरूसारखं होतं. १९०१ पासून ते आयताकृती झालं.

सुरुवातीचे विजेते हौशी इंग्रज होते. एकाच वेळी दोन-तीन खेळांत प्रावीण्य मिळवण्याचा तो काळ. महिला एकेरीची पहिली विजेती एथेल थॉमसन पुढे १९१२ मध्ये विम्बल्डनही जिंकली. किटी मॅकेननं तर १९२४ या एकाच वर्षी ऑल इंग्लंड आणि विम्बल्डन अशा दोन्ही स्पर्धांत एकेरीचं अजिंक्यपद मिळवलं. सर जॉर्ज थॉमस यांच्या नावावर एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून एकवीस अजिंक्यपदं आहेत. हे गृहस्थ बुद्धिबळातही इतके तयार होते, की हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांना हरवलं. बॅडमिंटनचा थॉमस चषक ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते हेच. आयर्लंडचे फ्रँक डेव्हलिन एकेरीत सहा वेळा जिंकले आणि त्यांची मुलगी ज्यूडी दहा वेळा. वडिलांचा विक्रम मुलीनं असा मागं टाकावा, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती!

आता थोडं थांबून ही यादी निराळ्या नजरेनं पाहू. मी कवितेचा माणूस. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेकडेही पाहायची मला सवय आहे. ऑल इंग्लंडच्या यादीत १९१४ नंतर एकदम १९२० येतं आणि १९३९ नंतर एकदम १९४७. मधली वर्षं दोन महायुद्धांनी गिळली. त्या वर्षांत जे खेळाडू ऐन भरात होते, त्यांनी काय करावं? खेळाडूचं वय काही युद्ध संपायची वाट पाहत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. क्रिकेटचे महर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या मुलींनी, पुण्याच्या देवधर भगिनींनी, १९४०च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवलं. पण त्या दशकाची पहिली सात वर्षं ऑल इंग्लंडचे दरवाजे बंदच होते. मलायाचा वाँग पेंग सून १९५० मध्ये पुरुष एकेरी जिंकणारा पहिला आशियाई ठरला, तेव्हा त्यानं तिशी ओलांडली होती. त्याची विशीतली वर्षं युद्धात गेली. तरीही तो चार वेळा जिंकला. त्याच्या पाठोपाठ एडी चूंग आला, तोही चार वेळा जिंकला. १९५० ते १९५७ अशी आठ वर्षं हे अजिंक्यपद या दोघांनी मलायाबाहेर जाऊ दिलं नाही.

पण मला ज्यांच्याविषयी मुद्दाम सांगायचं आहे, ते प्रकाश नाथ. १९४७ मध्ये, युद्धानंतरच्या पहिल्याच ऑल इंग्लंडला भारताचे दोन खेळाडू गेले होते, लाहोरचे प्रकाश नाथ आणि त्यांचे सहकारी देविंदर मोहन. दोघंही जिंकत गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांसमोर आले. एकमेकांचा खेळ त्यांना तोंडपाठ होता. आपसात झुंजून दमायचं आणि पुढचा सामना परक्याच्या पदरात टाकायचा, हे त्यांना पटेना. त्यांनी नाणं उडवून निकाल लावल्याचं सांगितलं जातं. कौल नाथ यांच्या बाजूनं लागला. देविंदर मोहन बाजूला झाले आणि नाथ अंतिम फेरीपर्यंत पोचले. तोवर एकाही भारतीयाला एवढी मजल मारता आली नव्हती.

आणि त्याच मार्च महिन्यात लाहोर पेटलं. लंडनच्या वर्तमानपत्रांतून त्या बातम्या येत होत्या. घर सात समुद्रांपलीकडे, फोनची सोय नाही, आपली माणसं सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. अशा मनःस्थितीत हा माणूस अंतिम सामना खेळला. समोर स्वीडनचा कॉनी जेप्सन होता. नाथ दोन सरळ गेममध्ये हरले. पुढे फाळणीत लाहोर सुटलं आणि त्यांचा स्पर्धात्मक खेळही सुटला. यादीत १९४७ पुढे जेप्सनचं नाव आहे आणि त्याची योग्यता कमी लेखायचं कारण नाही. पण जाळीच्या दुसऱ्या बाजूला उभा असलेला खेळाडू त्या दिवशी कशाकशाशी खेळत होता, हे यादी सांगत नाही. फाळणीच्या हिशेबात एवढी माणसं, एवढी घरं गेली, की एक बॅडमिंटनपटू कुणाच्या ध्यानात राहणार?

नाथ यांच्यानंतर आपले नंदू नाटेकर आले. ते मूळचे सांगलीचे. आधी टेनिस खेळत, मग बॅडमिंटनकडे वळले. जाळीलगत अलगद फूल टाकण्याची त्यांची नजाकत जाणकार अजून आठवतात. १९५४ मध्ये ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत ते गेले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

त्या काळी ऑल इंग्लंडलाच जागतिक स्पर्धेचा मान होता, कारण अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती १९७७ मध्ये. पण सगळं जग तिथे येत होतं का? डेन्मार्कचा एरलंड कॉप्स सात वेळा ऑल इंग्लंड जिंकला. १९६५ मध्ये चीनचे खेळाडू डेन्मार्कच्या दौऱ्यावर आले, तेव्हा तांग शियानहूनं या कॉप्सला हरवलं आणि दुसऱ्या गेममध्ये एकही गुण घेऊ दिला नाही. हा तांग आणि त्याचा जोडीदार हौ ज्याचांग दोघंही जन्मले इंडोनेशियात, पण खेळले चीनकडून. चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघात नव्हता. त्यामुळे ऑल इंग्लंडच्या यादीत या दोघांना जागा नाही. चीन १९८१ मध्ये महासंघात आला आणि १९८२ मध्ये लगेच झांग आयलिंगनं महिला एकेरी जिंकली. तोवर तांग आणि हौ यांचे खेळण्याचे दिवस संपले होते.

मग इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोचा काळ आला. १९६८ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो जिंकला, तो थेट १९७४ पर्यंत ओळीनं सात वेळा. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या स्वेन प्रीनं त्याला अडवलं. १९७६ मध्ये हार्टोनोनं आठवं अजिंक्यपद घेतलं.

आणि १९८० चा मार्च उजाडला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या मोहल्ल्यात बॅडमिंटनचं कोर्ट नव्हतं, खरी रॅकेटही एखाद्याच घरी. पण प्रकाश पदुकोण जिंकल्याची बातमी रेडिओवर आली आणि चहाच्या टपरीवर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाची चर्चा मी पहिल्यांदा ऐकली. अंतिम सामन्यात लिम स्वी किंगचा त्यांनी १५-३, १५-१० असा पराभव केला. किंग म्हणजे आधीच्या दोन वर्षांचा विजेता, त्याच्या उडी मारून हाणलेल्या स्मॅशची सगळ्यांना धास्ती. प्रकाश यांनी त्याला वेगानं उत्तर दिलंच नाही. फूल मागं, पुढं, कोपऱ्यात, असं संथपणे फिरवत त्याला खेळवलं. हा संयम ते शिकले बंगळूरच्या एका मंगल कार्यालयात! सरावासाठी हॉल होता तो तोच. लग्न असलं की सराव बंद.

लाहोरचे प्रकाश हरले, त्यानंतर तेहेतीस वर्षांनी बंगळूरचे प्रकाश जिंकले. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९८१ मध्ये हेच दोघं पुन्हा अंतिम फेरीत भेटले आणि त्या वेळी किंग जिंकला. ते आपण फारसं आठवत नाही.

प्रकाश यांनी पुढे अकादमी काढली. तिथे शिकलेल्या पुलेला गोपीचंदनं २००१ मध्ये चीनच्या चेन हाँगला हरवून ऑल इंग्लंड जिंकलं. १९९४ मध्ये दुहेरीच्या सामन्यात त्याचा गुडघा जायबंदी झाला होता, शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ते दुखणं सोसून त्यानं बर्मिंगहॅमचं कोर्ट मारलं. नंतर शीतपेयाची जाहिरात नाकारली आणि हैदराबादला स्वतःची अकादमी उभी केली. २०१५ मध्ये सायना नेहवाल अंतिम फेरीत पोचली आणि पहिला गेम जिंकूनही स्पेनच्या कॅरोलिना मारिनकडून हरली. २०२२ मध्ये लक्ष्य सेनला व्हिक्टर अॅक्सेलसननं अंतिम फेरीत हरवलं. लक्ष्यही प्रकाश यांच्याच अकादमीत घडलेला.

कोऱ्या जागा अजूनही पडतात. २०२१ च्या स्पर्धेला इंडोनेशियाचा सगळा संघ बर्मिंगहॅमला पोचला होता. पण त्यांच्या विमानात एक करोनाबाधित प्रवासी निघाला आणि संपूर्ण संघाला माघार घ्यावी लागली. शंभर वर्षांनी कुणी ती यादी वाचेल, तेव्हा त्या खेळाडूंचं काय झालं हे त्याला कळणार नाही.

श्रोतेहो, विजेत्याचं कौतुक करूच. त्यानं घाम गाळलेला असतो. पण दर वर्षी मार्चमध्ये ऑल इंग्लंडचा निकाल वाचताना त्या एका ओळीवर थांबू नका. जाळीपलीकडे कोण होतं, कोण येऊ शकलं नाही, का येऊ शकलं नाही, एवढं विचारा. घरात मूल एखादी स्पर्धा हरून आलं, तर त्यालाही हेच विचारा. गुण किती झाले, ते मागाहून. प्रकाश नाथ यांना तेव्हा कुणी असं विचारलं असतं, तर कदाचित आपल्या खेळाच्या इतिहासात आणखी एक पान भरलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)