कागदावरचा स्वर आणि कानावरचा स्वर



पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांच्या कंठात असलेल्या बंदिशी 'क्रमिक पुस्तक मालिके'त मराठीत छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. स्वराखाली आडवी रेघ असली की कोमल, मध्यमावर उभी रेघ असली की तीव्र. समेला फुली, खालीला शून्य. ही चिन्हे कोणत्याही छापखान्यात जुळवता येत. पान मात्र मुके होते. त्याला आवाज गुरूच देत असे.

आज 'लिलीपाँड' नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली आहे. १९९६ साली नेदरलँड्समध्ये तिचा आरंभ झाला. स्वर साध्या अक्षरांत टंकित केले की एकाच मजकुरातून छापील पान आणि 'मिडी' ध्वनी, दोन्ही निघतात. मात्र दोहोंसाठी आज्ञा वेगवेगळ्या द्याव्या लागतात. केवळ 'मिडी'ची आज्ञा लिहिली, तर छापील पान निघतच नाही!

खरी अडचण पुढेच आहे. ध्रुवपद दोनदा म्हणावयाचे म्हणून पुनरावृत्तीचे चिन्ह घातले, तर पानावर ते नीट उमटते. ध्वनीत ते एकदाच वाजते. पुनरावृत्ती उलगडण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. लयीचा आकडा पानावर नको, पण ऐकू यायला हवा, अशीही सोय आहे. मींडेची कथा निराळी. कागदावर वळणदार रेघ दिसते, ध्वनीत मात्र दोन सुटे स्वर पडतात. दरबारीचा आंदोलित कोमल गांधार वेगळे सांगितल्यावाचून पेटीच्या पट्टीसारखा सरळ वाजतो. त्यासाठी जाणकार लेखक एकाच मजकुरात काही भागांवर 'छपाईसाठी' आणि काहींवर 'श्रवणासाठी' अशी खूण घालतात. हवे ते ठेवावे, नको ते गाळावे. हे काम किचकट आहे. पण भातखंड्यांचे तरी कुठे सोपे होते?

गाझियाबादसारख्या ठिकाणी मराठी गीत घराबाहेर क्वचितच कानी पडते. त्यामुळे मुलाला यंत्राकडून जी चाल मिळेल, तीच त्याच्या गळ्यात बसते. एकदा बसलेली चूक सोडवणे नवे गीत शिकवण्याहून जड जाते. म्हणून घरी ध्वनिफीत लावताना समोर छापील पानही असू द्यावे. रेघ दिसते आहे आणि वळण ऐकू येत नाही, अशा जागी फीत थांबवावी, त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि तेवढीच ओळ दुसऱ्या दिवशी संगीतशिक्षिकांकडून म्हणवून घ्यावी.