प्रबंधाची पेरणी वेळेवर करा



शेतकरी-कारागिरांचीं मुलें आतां सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊं लागलीं आहेत. अभ्यास बहुधा 2 वर्षांचा. पण प्रबंध शेवटच्या सहामाहीवर टाकणारा विद्यार्थी फसतो.

एक उदाहरण घ्या. बीडच्या ऊसतोड बायांच्या आरोग्यावर कोणास लिहावयाचें आहे. त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 सालीं सरकारी समितीनें चौकशी केली. विषय मोलाचा आहे. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्यांत परततात. गांवीं त्यांची भेट हवी तर पावसाळाच गांठला पाहिजे.

तेव्हां हिशेब उलटा मांडा. माहिती जून ते सप्टेंबरांत गोळा करावयाची, तर मार्चपर्यंत आराखडा नीति-समितीकडे गेला पाहिजे. कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें मंजुरीवांचून असें काम सुरू करतां येत नाहीं. म्हणून आधींच्या डिसेंबरांतच प्रश्न पक्का करा. पुढील डिसेंबरपर्यंत आंकडे तपासा, मार्चपर्यंत लिहून काढा. मंजुरी ऑक्टोबरांत आली, तर गांव रिकामें आणि वाढीव मुदतीचा खर्च बापाच्या डोक्यावर!

आणखी एक. जिला वाचतां येत नाहीं, तिला सर्व समजावून सांगा व त्रयस्थ साक्षीदारासमक्ष अंगठा घ्या. काम संपल्यावर काय आढळलें तें त्याच बायांना जाऊन सांगा. त्यांच्या दुःखावर पदवी मिळवून गांवाकडे पाठ फिरविणें आपल्या लेकरांस शोभत नाहीं.