शाळेचें दप्तर हा मुलाचा सातबारा

(एका खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत भरलेल्या पालकसभेंत शिक्षकानें केलेलें भाषण)



पेरण्या उरकून, अंगावरची माती झटकून आपण आज शाळेच्या ओसरीवर एवढ्या संख्येनें जमलां, याबद्दल आम्ही आपले आभारी आहों. एरव्हीं आपली आणि शाळेची गांठ दोनच वेळां पडते. एकदां मुलाचें नांव घालतांना आणि दुसऱ्यांदां दाखला काढतांना. मधलीं सात-आठ वर्षें शाळा मास्तरची, मास्तर सरकारचा आणि मूल देवाचें, असा कारभार चालतो. त्या कारभाराविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्यापैकीं ज्यांच्या नांवावर दोन एकर कोरडवाहू आहे, ते सातबारा किती बारकाईनें पाहतात! नांवांत एक काना चुकला, क्षेत्रांत एक गुंठा कमी पडला, इतर हक्कांत भलतेंच नांव चढलें, कीं तलाठ्याच्या कचेरीचे उंबरे झिजवितात. आणि तें बरोबरच आहे. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत आपल्या मुलाची जी एक ओळ असते, ती किती जणांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे? तींत मुलाचें नांव, आईबापांचें नांव, जात, जन्मतारीख, जन्माचें गांव हें सर्व असतें. ज्याला जमीनच नाहीं अशा लोहाराच्या, कुंभाराच्या, न्हाव्याच्या पोराची तर तेवढीच इस्टेट. ती ओळ म्हणजे मुलाचा सातबारा होय.

आधीं ही शाळा कोणाची, तें ठरवूं. इ. स. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं लेखी निवेदन दिलें. सरकारी तिजोरींत पैसा येतो तो मुख्यत्वें रयतेच्या घामांतून, आणि त्यांतून शिक्षण होतें तें मात्र वरच्या वर्गांचें, हें त्यांनीं सरकारला तोंडावर सांगितलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. मास्तर शक्य तों शेतकरी वर्गांतला असावा, त्याला नांगर धरतां यावा किंवा सुताराचा वाकस चालवितां यावा, असेंही सुचविलें. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या मोफत शिक्षणास आरंभ केला व १९०६ सालीं तें सबंध बडोदें संस्थानास लागू केलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तसाच कायदा केला, मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसविलीं. सबंध देशाला मात्र शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजलें तर १२८ वर्षें लागलीं. तेव्हां ही शाळा म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. आपल्या वाडवडिलांची थकलेली बाकी उशिरां वसूल झाली आहे, एवढेंच.

आतां नियमांकडे वळूं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास पहिली ते आठवी मोफत शिकण्याचा हक्क आहे. प्रवेशाला फी नाहीं, देणगी नाहीं, मुलाची परीक्षा नाहीं आणि आईबापांचीही नाहीं. जन्माचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्यांतील किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरांतील नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तीही नसेल तर वयाविषयीं पालकाचें प्रतिज्ञापत्र चालतें. कागद नाहीं म्हणून मूल परत धाडण्याचा अधिकार कोणत्याही हेडमास्तरास नाहीं. जून टळला म्हणून दार बंद, असेंही नाहीं. नऊ वर्षांचें मूल कधींच शाळेंत गेलें नसेल, तर त्याला वयाच्या मानाच्या वर्गांत घ्यावें आणि मागें राहिलेला अभ्यास वेगळा शिकवावा, असें कायदा सांगतो.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे काम संपलें असें समजूं नका. रजिस्टरांतली ओळ मास्तरांसमोर बसून वाचून घ्या. आमच्या पिढीचें निम्में खेडें १ जूनला जन्मलेलें आहे. आईनें सांगावें, 'पोळ्याच्या आदल्या दिवशीं झाला,' आणि मास्तरांनीं लिहावें १ जून. मास्तरांची सोय झाली, मुलाचे तीन महिने कायमचे गेले. लग्नाचा मुहूर्त घटकेनें चुकूं नये म्हणून आपण भटजींकडे तीनदां जातों, आणि पोराच्या जन्मतारखेंत तीन महिने चुकले तरी गप्प बसतों!

याहून मोठें नुकसान जातीच्या रकान्यांत होतें. एकदां आमच्याकडे लोहारकाम करणारे एक गृहस्थ आले. मुलगी बारावी पास होऊन पुढें शिकावयास निघालेली. जातपडताळणीला आजोबांच्या शाळेचा उतारा हवा होता. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा पुरावा मागतात. आम्हीं जुनें रजिस्टर काढलें. वाळवीनें खाल्लेल्या पानावर आजोबांचें नांव सांपडलें, पण जातीच्या रकान्यांत त्या वेळच्या मास्तरांनीं 'हिंदु' एवढाच शब्द लिहिला होता. तीन अक्षरें लिहिण्याचा त्यांनीं कंटाळा केला, आणि पन्नास-साठ वर्षांनीं त्या माणसाची नात कचेऱ्यांतून फिरली. पुढें चुलत घराण्याचा उतारा दुसऱ्या गांवीं सांपडला व काम झालें, पण त्या वर्षाचा प्रवेश गेला तो गेलाच.

कोणी म्हणेल, आपण जातिभेद मोडूं पाहणारे लोक, मग या रकान्याची एवढी चिंता कां? बाबांनो, ज्या जातीच्या नांवाखालीं आपल्या आज्यापणज्यांना पाटीपेन्सिलीपासून दूर ठेवलें, त्याच नांवाचा दाखला दाखविल्यावांचून आज आपला वांटा आपल्याला मिळत नाहीं. वांटा पदरांत पडेपर्यंत तें नांव नीट लिहिलेलें असावें. आणि हें ध्यानांत ठेवा कीं, मूल शाळेंत आहे तोंवर अर्ज व पुरावा देऊन चूक दुरुस्त होऊं शकते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार कठीण होते.

दुसरी गोष्ट हजेरीची. दिवाळी आली कीं बिऱ्हाडें कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि पोरें गाडीत बसतात. चार-पांच महिन्यांनीं तीं परत येतात तेव्हां त्यांना जोडाक्षरें परकीं झालेलीं असतात. आम्ही आपल्याला कामास जाऊं नका म्हणत नाहीं. पोट कोणाला चुकलें आहे? पण निघण्यापूर्वीं एक दिवस शाळेंत या. मूल आजीआजोबांपाशीं राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेंत आहे. त्याची मागणी वेळेवर जावयास हवी. मूल बरोबर नेणार असाल तर शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. तें दाखवून कारखान्याच्या भागांतील शाळेंत मूल बसवितां येतें. दाखल्यासाठींही अडून राहूं नका. मागितलेला दाखला हेडमास्तरांनीं लगेच दिला पाहिजे, आणि तो यावयास उशीर झाला म्हणून नव्या शाळेनें प्रवेश अडवूं नये, असा स्पष्ट नियम आहे. धाकट्या भावंडाला सांभाळावयास थोरल्या मुलीला घरीं ठेवतां, तें मात्र बंद करा. तान्ह्यासाठीं अंगणवाडी आहे, पण मुलीचें गेलेलें वर्ष परत आणणारी वाडी कोठें नाहीं.

तिसरी गोष्ट ताटाची. पहिली ते पांचवीच्या मुलाच्या दुपारच्या जेवणांत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलाच्या जेवणांत ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें असावींत, असें ठरलेलें आहे. धान्य लहान मुलामागें रोज १०० ग्रॅम व मोठ्यामागें १५० ग्रॅम. मुलांना वाढण्यापूर्वीं मोठ्या माणसांनीं अन्न चाखून पाहावयाचें असतें व त्यांत निदान एक शिक्षक असावा लागतो. शाळेच्या दिवशीं जेवण शिजलेंच नाहीं, तर त्या दिवसाचें धान्य व शिजविण्याचा खर्च मुलाला द्यावा लागतो. या, एके दिवशीं न सांगतां या, आणि भातांत डाळ किती आहे तें पाहा. आम्हांस राग येणार नाहीं. आणि सर्व मुलें एका पंक्तींत बसतात कीं नाहीं, तेंही त्याच डोळ्यांनीं पाहा.

मार देण्यास कायद्यानें बंदी आहे, आणि घालूनपाडून बोलण्यासही आहे. कित्येक पालक आम्हांस मोठ्या विश्वासानें सांगतात, 'गुरुजी, हाडें आमचीं, कातडें तुमचें.' हा विश्वास आम्हांस नको. परीक्षेविषयींही समज करून घ्या. महाराष्ट्रांत पांचवीला व आठवीला वर्षअखेर परीक्षा असते. नापास झालेल्या मुलाला पुन्हां एक संधि मिळते आणि तेथेंही जमलें नाहीं तर तो त्याच वर्गांत बसतो. पण आठवी होईपर्यंत त्याला शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. शिवाय शाळेच्या शिक्षकानें खासगी शिकवणी घेऊन पैसे मिळविण्यास मनाई आहे, हेंही जाणून असा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या शाळेची एक व्यवस्थापन समिति असते. तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा असल्या पाहिजेत. शाळा कशी चालते तें पाहणें, विकासाचा आराखडा करणें, आलेल्या पैशाचा विनियोग तपासणें हीं तिचीं कामें. म्हणजे शाळेचा हिशेब पाहण्याचा अधिकार नांगर धरणाऱ्या व चाक फिरविणाऱ्या हातांत आला आहे. आणि आपण काय करतों? सभेची वही मुलाच्या हातीं घरोघर फिरते आणि सह्या होऊन परत येते. आम्हींही ती तशी धाडली आहे, हा आमचा दोष उघड कबूल करतों. पण न वाचतां अंगठा उठविला, हा दोष आपला. ज्या अंगठ्यानें सावकारानें जमिनी नेल्या, तोच अंगठा आपण अजून विचारल्यावांचून पुढें करतों!

कांहीं अडचण आली, तर आधीं मास्तरांना विचारा, मग समितींत मांडा. तेथेंही दाद लागली नाहीं तर जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा, आणि तिची पोंच घ्या. तीन महिन्यांच्या आंत तिचा निकाल लावण्याचें बंधन कायद्यानें घातलें आहे. तोंडी तक्रार पाराबाहेर जात नाहीं, लेखी तक्रार दप्तरांत राहते.

शाळेंत साठपर्यंत मुलें असतील तर पहिली ते पांचवीला दोन शिक्षक मिळावेत, असा हिशेब आहे. पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असाही नियम आहे. तरी २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा सरकारनें काढलीच. पट घसरला कीं शाळेवर डोळा येतो, आणि जेथें गांवच गैरहजर तेथें शाळेच्या बाजूनें बोलणार कोण?

म्हणून आज घरीं जाण्यापूर्वीं तीन गोष्टी करा. रजिस्टर टेबलावर उघडें ठेवलें आहे. आपल्या मुलाची ओळ पाहून घ्या, वाचतां येत नसेल तर मुलाकडूनच वाचवून घ्या. समितीच्या पुढील सभेची तारीख विचारा, आणि घरांतल्या बाईमाणसासह या. ज्यांच्या आजोबांचा या शाळेंत उतारा असेल त्यांनीं तो आतांच मागून घ्या, पान शाबूत आहे तोंवर.

जोतीरावांनीं मागितलें तें मिळावयास एवढीं वर्षें लागलीं. मिळालेलें आपल्या दुर्लक्षानें निसटूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. आतां एकेकानें रांगेनें टेबलापाशीं यावें.