शेजारच्या ओळीचा हिशोब



रब्बी ज्वारीची पेरणी जवळ आली, की शिरूर-दौंडच्या आपल्या गटांत एकच चर्चा असते: औंदा वाण कोणता घ्यायचा? मालदांडीची भाकरी गोड, कडबाही भरपूर. पण नवे वाणही आलेत. मग आपण म्हणतो, दोन्ही एकाच रानात पेरून बघू. विचार चांगला आहे. मात्र ओळीआड ओळ पेरली, तर वजनकाटा खरं बोलत नाही.

समजा, एक वाण उंच आहे, एक बुटका. वेगवेगळ्या पट्ट्यांत पेरले, तर सारख्याच जागेत दोघेही 10 किलो दाणे देतात. आता तेच ओळीआड ओळ लावले. उंच ताटांनी ऊन अडवलं, मुळांनी ओल ओढली. उंचाचे भरले 12 किलो, बुटक्याचे 8. आपण बुटक्याला नापास करतो. खरं तर त्याचे 2 किलो शेजाऱ्यानं खाल्ले. पुढच्या वर्षी सगळं रान उंच वाणाचं केलं, तरी 12 मिळणार नाहीत. ओढून घ्यायला दुबळा शेजारीच उरत नाही ना!

शेतीच्या प्रयोगांचं हे गणित शास्त्रज्ञ फार वर्षं मांडत आलेत. पानसे आणि सुखात्मे यांचं त्यावरचं पुस्तक 1954 सालचं. त्यातले सुखात्मे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. एकच वाण निरनिराळ्या शेजाऱ्यांजवळ लावून, वाणाची स्वतःची ताकद किती, जमिनीचा कस किती आणि शेजाऱ्याचा दाब किती, हे आकडेमोडीनं वेगळं काढता येतं.

आपल्याला एवढं गणित नको. प्रत्येक वाणाचा निदान सहा ओळींचा पट्टा पेरा. दोन्ही काठांच्या दोन-दोन ओळी सोडा, मधल्याच मोजा. बांधाकडचं टोकही सोडा. असे पट्टे रानात तीन-चार ठिकाणी घ्या. कुठे कोणता वाण, ते भिशीसारखं चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला येणार नाही. दाणे आणि कडबा वेगवेगळे तोला, गटाच्या वहीत लिहा.

बियाण्याला पैसे आपल्या बचतीतले जातात. म्हणून वाण निवडण्याआधी एवढं जरूर विचारा: याचा शेजारी कोण होता?