एका गुणाचे अंतर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



पारितोषिक वितरणाच्या प्रसंगी जिंकलेल्यांचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती योग्यच आहे. आता थोड्याच वेळात ते कौतुक होईलही. तत्पूर्वी आपल्या अनुमतीने मी हरलेल्यांविषयी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पाठीराख्यांविषयी, चार शब्द बोलणार आहे. खेळाडू मैदान सोडतो तेव्हा त्याच्यापुरता सामना संपलेला असतो. त्या सामन्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहते आणि ते बहुधा कडेला बसलेले लोक करतात.

आपण इंदूरकरांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाचे नाव काढले की आजही या शहरातील वृद्धांचे डोळे चमकतात. या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि सहा वेळा तो उपविजेता ठरला. म्हणजे जिंकलेल्या अंतिम सामन्यांपेक्षा हरलेले अंतिम सामने अधिक! अखेरच्या, १९५४-५५ च्या हंगामातही मद्रासविरुद्धचा अंतिम सामना अवघ्या ४६ धावांनी निसटला. तरीही होळकर संघ हा हरणारा संघ होता, असे आपण कधी म्हटले आहे काय? तसे म्हटले नाही, याचे श्रेय जितके खेळाडूंचे, तितकेच त्यांची आठवण जपणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांचे आहे.

याच जातीची एक गोष्ट सातासमुद्रापलीकडची आहे. अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे एक राज्य आहे. मका पिकवणारा आणि गुरे पाळणारा हा प्रदेश. लिंकन ही त्याची राजधानी आणि तेथेच राज्याचे विद्यापीठ. या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला ‘कॉर्नहस्कर्स’ म्हणतात, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात धरून धावतात, फेकतात आणि क्वचितच पायाने मारतात. राज्यात मोठा व्यावसायिक संघ नसल्याने विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. सामन्याच्या दिवशी दूरदूरच्या गावांतून लाल कपडे घातलेली माणसे लिंकनला येतात. १९६२ पासून तेथील घरच्या मैदानावरील सामन्यांची तिकिटे सातत्याने संपत आली आहेत.

१९८३ च्या हंगामात या संघाने कमाल केली. बाराच्या बारा सामने जिंकले आणि प्रत्येक सामन्यात सरासरी ५२ गुण मिळवले. त्या काळी राष्ट्रीय विजेता अंतिम सामन्याने ठरत नसे. हंगामाच्या शेवटी पत्रकार आणि प्रशिक्षक मते देत, आणि त्यांतून क्रमवारी लागे. नेब्रास्का पहिल्या क्रमांकावर होते. उरला होता एकच सामना. तो २ जानेवारी १९८४ रोजी मायामी येथील ‘ऑरेंज बोल’ मैदानावर झाला, आणि प्रतिस्पर्धीही मायामी विद्यापीठाचाच संघ होता.

पहिल्या पावात मायामीने १७ गुण मिळवले. नेब्रास्काची पाटी कोरीच होती. मग नेब्रास्काने बरोबरी साधली. मायामी पुन्हा पुढे गेले, ३१-१७. नेब्रास्काचा सर्वोत्तम धावपटू माइक रोझियर दुखापतीने बाहेर बसला. तरी संघाने धीर सोडला नाही. गुणफलक ३१-२४ झाला आणि शेवटची ४८ सेकंद उरली असताना, चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात, जेफ स्मिथ हा खेळाडू चेंडू घेऊन सीमारेषेपार गेला. ३१-३०.

आता नियम समजून घेऊ. असे सहा गुण मिळवल्यावर संघाला एक जादा संधी मिळते. चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारला तर एक गुण. ते बव्हंशी सोपे असते. तोच चेंडू धावून किंवा फेकून पुन्हा सीमेपार नेला तर दोन गुण. ते अवघड असते. त्या काळी महाविद्यालयीन सामन्यांत बरोबरी सुटण्यासाठी जादा वेळ नसे. बरोबरी झाली की सामना बरोबरीतच संपे. त्याच दिवशी टेक्सासचा अपराजित संघही जॉर्जियाकडून ९-१० असा एका गुणाने हरला होता. तेव्हा नेब्रास्काने एक गुण घेऊन सामना बरोबरीत सोडवला असता, तर ते अपराजित राहिले असते आणि विजेतेपदही जवळजवळ निश्चितपणे त्यांच्याच पदरात पडले असते.

प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांनी दोन गुणांसाठी खेळायचे ठरवले. त्यांनी आकडेमोड करून बराच वेळ विचार केला असेही नाही. जिंकण्यासाठी आलेल्या संघाने जिंकण्याचाच प्रयत्न करावा, इतकी त्यांची भूमिका साधी होती. टर्नर गिलने चेंडू फेकला. मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटे त्याला ओझरती लागली आणि चेंडू जेफ स्मिथच्या हाती न येता खाली पडला. नेब्रास्का एका गुणाने हरले. मतदानात मायामी पहिले आले, नेब्रास्का दुसरे.

मित्रहो, येथवरची गोष्ट खेळाडूंची झाली. आता पाठीराख्यांकडे वळू. ते दशक अमेरिकेच्या त्या भागातील शेतकऱ्यांना फार कठीण गेले. कर्जे वाढलेली, जमिनींच्या किमती कोसळलेल्या. अशा माणसांच्या आयुष्यात आनंदाच्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांपैकी ही एक, आणि तीही बोटभर अंतराने हुकली. साहजिकच वाद झाला. काही म्हणाले, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची गरज काय होती? काही म्हणाले, पळवाटेने मिळालेला मुकुट आम्ही कोणत्या तोंडाने मिरवला असता? हा वाद कधीच पुरता मिटला नाही. पण वर्षे लोटली तसे त्या राज्यात एक मत घट्ट होत गेले. त्या रात्री आपला संघ हरला खरा. मात्र ज्या रीतीने हरला तिचा आपल्याला अभिमान वाटतो, असे ते मत. आज त्या संघाची आठवण तेथे अनेक विजेत्या संघांइतक्याच प्रेमाने काढली जाते.

हे प्रेम भाबडे होते, असे मात्र समजू नका. त्यांनी हिशेब केला, आणि पुरता केला. शेवटच्या फेकीविषयी सारे बोलतात. पण पहिल्याच पावात १७ गुण दिले, ते कोणी दिले? ज्या संघाच्या आक्रमणाला तोड नव्हती, त्याचा बचाव त्या रात्री अपुरा पडला. एका गुणाची हार कधीच एका क्षणात होत नाही. साठ मिनिटांच्या सामन्यात तो एक गुण ठिकठिकाणी सांडलेला असतो. शेवटच्या क्षणी तो केवळ डोळ्यांना दिसतो. चांगला पाठीराखा हे जाणतो, म्हणून तो शेवटच्या खेळाडूच्या माथी सारे खापर फोडत नाही.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांनी केली. निर्णय आणि निकाल यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. निर्णय घेताना माणसाच्या हाती असते ती तेव्हाची माहिती आणि त्याची निष्ठा. निकालात प्रतिस्पर्ध्याच्या दोन बोटांचाही वाटा असतो. ती बोटे चार अंगुळे अलीकडे राहिली असती तर त्याच ऑसबोर्न यांना जगाने धाडसी म्हटले असते. निकाल बदलला म्हणजे निर्णयाचा कस बदलतो काय?

पुढचा काळ सुखाचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८८ ते १९९४ या सात वर्षांत हंगामाअखेरचा मोठा सामना नेब्रास्का दरवर्षी हरले. त्यांतील सातवा सामना १८-१६ असा, म्हणजे दोन गुणांनी. मोठा सामना यांना जिंकता येत नाही, अशी टीका ऑसबोर्न यांच्यावर झाली, आणि ती करणाऱ्यांत घरचेही होते. तरी मैदान रिकामे राहिले नाही. विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला नाही. १ जानेवारी १९९५ च्या रात्री त्याच मायामीत, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नेब्रास्काने २४-१७ असा विजय मिळवला आणि ऑसबोर्न यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद लाभले. त्यानंतर आणखी दोन मिळाली. अकरा वर्षे वाट पाहणारे लोक नसते, तर तो दिवस पाहायला तेथे कोण उरले असते?

लिंकनचे मैदान १९२३ साली युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ बांधले गेले. त्याच्या भिंतींवर तेथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांची वचने कोरली आहेत. जयापेक्षा कृती मोठी, असा त्यांतील एकाचा भाव आहे. आपल्या कानांना हे अपरिचित वाटू नये. कर्मावर अधिकार, फलावर नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथील प्रेक्षकांची आणखी एक प्रथा मला फार आवडते: सामना संपल्यावर ते पाहुण्या संघासाठीही टाळ्या वाजवतात.

आता घरचे बोलतो. यंदा आपला मुलींचा खो-खो संघ आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. अखेरच्या मिनिटात एका मुलीने घाईने दिलेला खो चुकला, आणि समोरची धावपटू निसटली. त्या सायंकाळी आणि त्यानंतर, आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी त्या एका मुलीचेच नाव होते, असे माझ्या कानी आले. पालकहो, पहिल्याच डावात आपली पहिली तुकडी दोन मिनिटांत बाद झाली होती, हे किती जणांना आठवते? आणि अंतिम सामन्याआधी जे चार सामने या मुलींनी जिंकले, ते पाहायला आपण किती जण मैदानावर होतो? क्रीडाशिक्षक सांगतात, बोटांवर मोजण्याइतके.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे हाही एक लांबलेला सामनाच आहे. त्यात सारेच डाव आपल्या बाजूने पडत नाहीत. एखाद्या वर्षी पटसंख्या घटते, एखाद्या वर्षी चांगला शिक्षक दुसरीकडे जातो. आज हे सभागृह खच्चून भरले आहे, याचा मला आनंद आहे. परंतु शाळेची खरी कसोटी उत्सवाच्या दिवशी होत नाही. पुढील वर्षी, निकाल थोडा खाली आला असताना, किंवा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला असताना, आपण येथे असू की नाही, यावर ती अवलंबून आहे.

खो-खो संघातील मुलींनो, तुमच्यापैकी जिने तो खो दिला, तिला मला इतकेच सांगायचे आहे: समोरची निसटते आहे असे दिसताच तू धाडस केलेस. घाई टाळण्याचा सराव तुमचे सर करून घेतीलच. पण धाडस सोडू नकोस. तो खो चुकला म्हणून तू चुकीची ठरत नाहीस.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी एक करावे. पुढचा सामना कधी आहे, ते आजच जाताना क्रीडाशिक्षकांना विचारून ठेवावे, आणि त्या दिवशी मैदानाच्या कडेला येऊन बसावे.